न जळलेला बंद

१

आमची घरं एकाला एक चिकटून होती. मधली भिंत एकच, दगडी, पण पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं. किटली ठेवली की हेस्टर भिंतीवर दोनदा ठोकायची. मीही उलट दोनदा ठोकायची आणि कोट खांद्यावर टाकून तिच्याकडे जायची. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासूनचा हा परिपाठ. इंग्लंडातल्या डेव्हनच्या या कोपऱ्यात पाऊस आणि मेंढ्या सोडल्या तर तशी करमणूक नाही. चहा आणि हेस्टर, हेच माझं काय ते जग.

डेन्झिल, माझा नवरा, गेला तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीनं फुलं पाठवली आणि ती मोकळी झाली. हेस्टर महिनाभर माझ्या सोफ्यावर झोपली. मी मध्यरात्री रडत उठले की ती काही बोलायची नाही, नुसती माझे पाय चोळत बसायची. हे मुद्दाम सांगतेय. पुढचं वाचताना हे विसरू नका. मला तर विसरताच येत नाही.

ती लोकर रंगवायची. मागच्या परसात पत्र्याची शेड, त्यात तांब्याचे हंडे, दोरीवर लाल, पिवळ्या, निळ्या लडी. आणि ती विक्कन होती, म्हणजे ऋतू आणि निसर्गदेवी पुजणाऱ्या पंथातली. मी तिला चेटकीण म्हणायची, ती मला नास्तिक म्हसोबा. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी, युलला, तिचं आणि तिच्या पंथातल्या गावातल्या दोघांचं काहीतरी असायचं. मी "मला ने की गं" म्हटलं की ती म्हणायची, "तुला नाही मानवायचं ते, ऑड्री." मग त्या संध्याकाळी ती हिरवी शाल पांघरून निघायची आणि मी तोंड फुगवून टीव्हीसमोर बसायची.

गेल्या युलपासून मात्र हेस्टरचं काहीतरी बिनसलं होतं. तिच्या दिवाणखान्यातली शेगडी विझेचना. जुलैत लोक अंगातले कपडे काढून ओढ्यात बसले होते आणि हिच्या धुरांड्यातून धूर! दुकानात लोक हसायचे. मी विचारलं तर म्हणाली, "भिंतींना ओल येते." दिवाणखान्यात तिनं मला बोलावणंच सोडलं. चहा स्वयंपाकघरात, नाहीतर शेडमध्ये. मार्चमध्ये तिला ब्रिस्टलला नात झाली. हेस्टर एकदाही गेली नाही. "घर सोडवत नाही गं," म्हणायची आणि फोनवरचे फोटो पुन्हा पुन्हा बघायची.

आणि एक आवाज यायचा. अंधार पडायच्या सुमाराला भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा. जड खुर्ची, फरशीवर, थोडीशीच. एकदा तो आवाज आला तेव्हा मी खिडकीत उभी होते आणि हेस्टर माझ्या डोळ्यांसमोर परसात लोकर वाळत घालत होती. तिनंही तो ऐकला. हातातली लड टाकून ती घरात धावली, जाताना सरपणाच्या ढिगातून दोन ओंडके काखेत मारून.

दगडी घरात आवाज कुठूनही कुठे जातात. मी स्वतःला तसं समजावलं.

ऑक्टोबरमध्ये ती चहा ओतता ओतता म्हणाली, "या वेळी ये ना युलला." इतकी वर्षं मागितलेलं असं बशीतल्या बिस्किटासारखं पुढे आलं. मी इतकी हरखले की कारणच विचारलं नाही.

२

डिसेंबर लागला आणि माझ्या दारात लाकडं येऊन पडली. घेऊन आला कॉरिन. हा त्यांच्यातला एकुलता एक पुरुष, निवृत्त बस ड्रायव्हर. टुमदार घर होतं त्याचं. ते या वर्षाच्या सुरुवातीलाच मिळेल त्या भावाला विकून तो त्यांच्यातल्या तिसऱ्या, म्हाताऱ्या विनिफ्रेडच्या सफरचंदाच्या बागेत कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला होता.

"विनिफ्रेडनं पाठवलीत," तो म्हणाला. "वठलेलं सफरचंद आहे. सावकाश जळतं."

दुसऱ्या दिवशी आणखी एक खेप. ती हेस्टरच्या ढिगातली होती.

"अहो, एवढी कशाला? मी काय आगगाडी हाकणार आहे?"

कॉरिन एरवी प्रत्येक वाक्याला हसणारा माणूस. आज हसला नाही. मागच्या भिंतीला लावून त्यानं लाकडं खिडकीच्या कट्ट्यापर्यंत रचली, वर ताडपत्री घातली, तिचे कोपरे नीट दाबले. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, नव्या माणसाचं स्वागत ही मंडळी अशी करतात. केक करून मी त्याच्या हाती तिघांसाठी पाठवला.

युलच्या आदल्या दुपारी आम्ही हेस्टरच्या स्वयंपाकघरात मोळी बांधायला बसलो. ॲश झाडाच्या ओल्या, बोटभर जाडीच्या फांद्या, मधोमध एक जाड ओंडका. त्यात खोचायला होलीची काटेरी पानं, आयव्हीची वेल, प्रत्येकाच्या बागेतली एकेक डहाळी, वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या, दालचिनी. घरभर वास सुटला होता. विनिफ्रेड टेबलाच्या टोकाला. ती गावातली जुनी सुईण, सगळ्यांत वयस्कर. या मंडळींत शब्द तिचाच चालायचा.

"मोळीला आपला लोकरीचा बंद आपणच बांधायचा," ती मला म्हणाली. "दुसऱ्याचा हात लागता कामा नये. बांधताना मनात इच्छा धरायची."

"आणि मग?"

"मोळी आगीत जाते. बंद एकेक करून तुटतात. तुटला की सगळ्यांनी सायडर प्यायची. शेवटपर्यंत ज्याचा टिकेल त्यानं तो मधला ओंडका घरी न्यायचा आणि पुढच्या युलपर्यंत जपायचा. पुढच्या वर्षीची आग त्यानंच पेटवायची."

"म्हणजे सूर्य त्याच्या घरी मुक्कामाला," कॉरिन फांद्यांकडे बघत म्हणाला.

"वा! मग गेल्या वर्षी कुणाकडे होता मुक्काम?"

"माझ्याकडे," हेस्टर म्हणाली. तिनं प्रत्येकाच्या हातात लोकरीची एकेक लड ठेवली. प्रत्येकाची लाल छटा वेगळी, माझी सगळ्यांत गडद. "तुझी मी खास रंगवलीय."

मी मोळीभोवती, माझ्या रोझमेरीच्या डहाळीवरून लोकर गुंडाळली, गाठ मारली. धरायची ती इच्छा धरली. हेस्टरनं ब्रिस्टलला कायमचं जाऊ नये, एवढीच. दुसरं मला काय हवं होतं? मग सवयीप्रमाणे दातानं धागा तोडला आणि माझी जीभ आखडली.

"शी! अगं, तुरटी धुवायला विसरलीस की काय? तोंडाचा बटवा झाला माझ्या!"

मंजिष्ठेचा लाल रंग तुरटीशिवाय लोकरीला धरत नाही, एवढं मलाही ठाऊक. पण नंतर हेस्टर ती लोकर धुवायची, पुन्हा धुवायची, हात गारठून निळे पडेपर्यंत धुवायची. त्यात तिची कधी चूक व्हायची नाही.

"घाईत राहिलं असेल," ती म्हणाली.

विनिफ्रेड संत्र्याच्या चकत्या मोजत होती. मघाशीच मोजून झाल्या होत्या त्या.

३

युलच्या दिवशी चार वाजता अंधार पडू लागला. वर्षभरात पहिल्यांदाच मी हेस्टरच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि दारातच थबकले.

खोली रिकामी होती. सोफा नाही, पुस्तकं नाहीत, भिंतीवर तिच्या लेकीचा फोटो नाही. शेगडीत आग धडधडत होती. आगीसमोर एकच खुर्ची, आमच्याकडे पाठ करून. उंच पाठीची, ओकची. बाहेरच्या पावसातून आले होते, पाय दुखत होते. मी सरळ तिच्याकडे निघाले.

"नको!" तिघंही एकदम ओरडली.

"अरे, काय झालं?"

"मोडकी आहे," हेस्टर म्हणाली. माझा दंड तिनं इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसला.

मोडकी खुर्ची आगीत का घालत नाही, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तिच्या बैठकीवरची उशी दिसली. मधोमध दबलेली, आणि ओली. खाली फरशीवर थारोळं. इतक्या धगीत ती ओल सुकली कशी नाही? छतातून गळत असेल, मी म्हटलं. वर पाहिलं. छत कोरडं होतं.

विनिफ्रेडनं आमच्याभोवती मिठाचं कडं घातलं. खुर्ची कड्याबाहेर राहिली. चार दिशांना हाका मारून झाल्या, घरातले सगळे दिवे मालवले. मग हेस्टरनं कोनाड्यातून गेल्या वर्षीचा ओंडका काढला. काळा, वीतभर. तो तिनं आगीत ठेवला. वर मोळी ठेवली.

पहिला बंद विनिफ्रेडचा तुटला. फट्! सफरचंदाची ती सायडर गरम होती, लवंगांची. मग कॉरिनचा. मी टाळ्या वाजवल्या. आता दोनच राहिले, हेस्टरचा आणि माझा. हेस्टर त्या धाग्याकडे अशी बघत होती जसं दवाखान्याच्या दाराकडे बघतात.

तिचा तुटला आणि ती रडायला लागली. खांदे गदगदून, तोंडावर हात दाबून. मला वाटलं, बिचारीला ओंडका हवा होता. मी तिला जवळ घेतलं.

"वेडी! पुढच्या वर्षी मिळेल."

माझा बंद तसाच होता. भोवतीच्या फांद्या राख होऊन गळाल्या, पण तो लाल धागा जरासा काळवंडला, बस्स. कॉरिननं चिमट्यानं ओंडका बाहेर काढला, सायडरमध्ये बुडवला. चर्र झालं. विनिफ्रेडनं तो माझ्यापुढे धरला.

"स्वखुशीनं घेतेस?"

"घेते की!"

"घेतलं," तिघं म्हणाली. एकाच दमात, जणू पाठ केलेलं.

मी या वेळी आणलेला केक तसाच राहिला. कुणी कापलासुद्धा नाही. विनिफ्रेड शाल गुंडाळत लगबगीनं गेली, कॉरिन तिच्या मागोमाग. निघताना मी पाहिलं, हेस्टर ती ओकची खुर्ची एका हातानं सहज उचलून बाजूला ठेवत होती. आग विझत चालली होती आणि ती विझू देत होती.

४

ओंडका मी माझ्या शेगडीवरच्या फळीवर ठेवला, डेन्झिलच्या फोटोशेजारी. "बघ रे, पहिल्याच वर्षी जिंकले," असं त्याला सांगितलं. शेगडी पेटवली, चहा ठेवला. भिंतीवर दोनदा ठोकलं.

उत्तर आलं नाही. दमली असेल.

मी कप घेऊन दिवाणखान्यात आले. डेन्झिलची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असते. त्याला पक्षी बघायचे असायचे, आणि तो गेल्यावर मी ती हलवलीच नाही. आता ती शेगडीसमोर होती. माझ्याकडे पाठ करून.

मीच सरकवली असणार. ओंडका ठेवताना अडचण झाली असेल, ढकलली असेन. साठी उलटल्यावर माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. मी कप खाली ठेवला, खुर्चीची पाठ धरली आणि ओढली. हलली नाही. डेन्झिलची वेताची खुर्ची, मी झाडताना एका हातानं उचलते ती. आत कुणी भरभक्कम माणूस बसल्यासारखी ती जागच्या जागी राहिली. माझ्या बोटांना गार लागलं. बोटं उचलून पाहिली तर ओली होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पाइप फुटला असेल. उद्या प्लंबरला बोलवीन. जिभेवर अजून कालची ती तुरट चव होती, आणि त्या चवीनंच मला एक जुनी गोष्ट आठवली. गावच्या हॉलमध्ये नाटक व्हायचं तेव्हा पडद्यांना आग लागू नये म्हणून आम्ही ते पडदे तुरटीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवायचो. मी आणि हेस्टर. तिच्याच हंड्यात. ती हंडा ढवळता ढवळता म्हणायची, "आता खुशाल मेणबत्ती धर, जळायचा नाही."

दिवाणखान्यात लाकूड कोसळल्याचा आवाज झाला. आग मंदावली असावी. आणि मग वर्षभर भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज, या वेळी भिंतीच्या अलीकडून. खुर्ची सरकली. थोडीशीच.

मी दोन ओंडके उचलले आणि धावले. का धावले ते मला माहीत नव्हतं. पायांना माहीत होतं.

५

सकाळी उजाडायच्या आत गाडीचा आवाज आला. मी ओंडका टॉवेलात गुंडाळून बाहेर पडले. हेस्टर गाडीत खोकी भरत होती. खोकी आधीच बांधून, चिकटपट्टी लावून तयार होती. एका दिवसात एवढी खोकी भरत नाहीत.

"हे घे," मी म्हटलं. "मला नको."

ती मागे सरली. "तू स्वखुशीनं घेतलंस."

"तुरटीत बुडवलीस लोकर. माझीच."

ती खोकं गाडीत ढकलत राहिली. इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना मी कधी पकडलं नव्हतं. निदान आता तरी खोटं बोलली नाही.

"जाळून टाकते मी हा."

"मी जाळला होता. दुसऱ्या दिवशी तो कोनाड्यात होता. खुर्चीही."

"मग मीही घर सोडते."

"ओंडका त्याच्याकडे होता तेव्हा कॉरिन बहिणीकडे गेला होता, समुद्रावर. त्याच संध्याकाळी तिथेही एक खुर्ची फिरली. ओंडका माझ्याकडे आल्यावर सुटला तो, तरी त्याला त्या घरात पुन्हा झोप लागली नाही." तिनं गाडीचा दरवाजा धरला. "आग कमी होऊ देऊ नकोस, ऑड्री. त्याला ऊब हवी असते, एवढंच. आगीकडे बघत असतं तोवर काही करत नाही."

"आणि आग कमी झाली की?"

"वळायला लागतं. ऊब कुठे आहे ते बघायला."

"काय वळतं? हेस्टर, काय आहे ते?"

"मी कधी पुढून पाहिलं नाही. तूही पाहू नकोस."

थंडीनं माझे दात वाजत होते. "मीच का? कॉरिन होता, विनिफ्रेड होती."

"त्यांनी एकेक वर्ष काढलंय. पुन्हा त्यांच्या गळ्यात कसं घालू?" आणि मग ती ते बोलली. अगदी मऊ आवाजात, माझे पाय चोळताना जशी बसायची तशी. "आणि तुला कुणी नाहीये गं. मला नात आहे. तुला कुठे जायचंय? तू घरीच तर असतेस."

केसानं गळा कापणं म्हणतात. हिनं लोकरीनं कापला, आणि तीही माझ्यासाठी खास रंगवून.

मी काय काय सुनवायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. तेव्हा एवढंच म्हणाले, "माझे पाय चोळले होतेस तू."

"ते खरं होतं," हेस्टर म्हणाली. "देवीशपथ, ते सगळं खरं होतं." आणि गाडी सुरू करून ती निघून गेली. वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले. मला वाटलं थांबतेय. मेंढ्या आडव्या आल्या होत्या.

६

सगळ्यांनी मला लाकडं दिली होती. युलच्या आधी. कॉरिननं ताडपत्रीचे कोपरे दाबले होते, आणि मी त्याला केक दिला होता. घराकडे परतताना तो ढीग पाहिला तेव्हा मी मटकन खाली बसले आणि पोटभर रडले. खुर्चीसाठी नव्हे. त्या केकसाठी.

मग उठले, कारण आग राहिली होती.

आता जानेवारी आहे. दिवस मिनिटामिनिटानं वाढतोय म्हणतात. विनिफ्रेड एकदा येऊन गेली, दारातूनच. सूप आणलं होतं. तिला घरात बोलावलं तर म्हणाली, "नको, चिखलाचे पाय आहेत." जाता जाता सहज बोलल्यासारखं तिनं सांगितलं की शाळेत नवी शिक्षिका आली आहे, इमोजेन नावाची. लांबून आलीय, इथं कुणाला ओळखत नाही, गोड पोरगी आहे. मी दार लावून घेतलं.

परवा मला दुपारची डुलकी लागली. जाग आली ती आवाजानं. खोलीत निखाऱ्यांचा मंद उजेड होता. खुर्ची अर्धी वळली होती. खुर्चीच्या हातावर एक हात दिसला, आगीकडे तळवा धरून. ओल्या सालीसारखा. त्याच्यावरून पाणी ठिबकत होतं. मग तो तळवा हळूच फिरला, जसा आपण शेगडी सोडून दुसऱ्या उबेकडे फिरवतो. माझ्याकडे. मी डोळे मिटले आणि चाचपडत लाकडं टाकत राहिले, हात भाजले तरी. केव्हातरी आग भडकली. केव्हातरी खुर्ची परत सरकली.

अजूनही सवयीनं मी किटली ठेवली की भिंतीवर दोनदा ठोकते. पलीकडे विक्रीची पाटी लागलीय. उत्तर येत नाही.

इमोजेन काल दुकानात भेटली. खरंच गोड आहे. विणकाम शिकायचंय म्हणाली, चांगली लोकर कुठे मिळेल, म्हणून विचारत होती. हेस्टरनं शेड तशीच सोडलीय, कुलूप न लावता. हंडे आहेत. तुरटीचं पोतंही आहे. मी पोरीला सांगितलं, मला काही कल्पना नाही, आणि पाठ फिरवून घरी आले. कुणालाही मी हे करणार नाही. हेस्टर नाही मी. माझा निश्चय पक्का आहे.

लाकडं फेब्रुवारीपर्यंत पुरतील.